मागच्या चाकांचे टायर बदलताना
टोयोटाने २०१२ साली ‘जीटी ८६’ आणली तेव्हा तिला मुद्दाम बेताच्या पकडीचे टायर दिले: मिशेलिन प्रायमसी, २१५/४५ आर१७. कमी वेगातही गाडी मागून जराशी सरकावी, चालवणाऱ्याला मजा यावी, हा हेतू. ते झिजले की अनेक मालक रुंद, चिकट टायरांच्या मागे लागतात. पकड वाढते खरी, पण ती सुटते तेव्हा वेग जास्त असतो आणि सावरायला वेळ कमी. दोनशे अश्वशक्तीच्या गाडीला एवढा थाट कशाला, असं माझं मत.

टायरच्या कडेला कोरलेलं नीट वाचा. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी; ४५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के; १७ हा रिमचा इंचातला व्यास. त्यापुढचं ‘८७ डब्ल्यू’ अनेकजण बघतच नाहीत: एका टायरला ५४५ किलो भार, ताशी २७० किलोमीटर वेग. गाडीसाठी नेमून दिलेल्या आकड्याखाली उतरू नये. लंबगोलातले चार अंक टायरचं वय सांगतात. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा.

इंजिनाचा जोर मागे, म्हणून मागची जोडी आधी झिजते. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागेच बसवा. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते. एकाच जोडीत दोन जातींचे टायर तर नकोतच. पोर्शे ९११मध्ये मागचे टायर पुढच्यांहून रुंद असल्यामुळे पुढे-मागे अदलाबदल करताच येत नाही, तेव्हा मागच्या जोडीचा खर्च आधीच धरून ठेवावा.