एका लिंबाला किती चुना?

नोएडात राहायला आलो आणि वर्षाच्या आत बाथरूमच्या शॉवरनं तोंड फिरवलं. मधल्या भोकांतून थेंब येईना आणि कडेच्या दोन भोकांतून पिचकारी थेट आरशावर. उघडून पाहिलं तर जाळीवर पांढरा, खरखरीत थर. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. तिनं पिळून झालेलं अर्धं लिंबू आणलं, जाळीवर दाबून धरलं आणि म्हणाली, "कान लाव इथं." फस्स असा अगदी बारीक आवाज येत होता.

तो आवाज कार्बन डायऑक्साइडचा. शाळेच्या पुस्तकात ज्याला 'दुष्फेन' म्हणत आणि घरात आपण जड म्हणतो, ते पाणी जमिनीखालून येताना कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळवून आणतं. तापलं किंवा वाळलं की त्यातला वायू उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं, ज्याला मी पुढे चुनाच म्हणते. संगमरवर तेच, अंड्याचं कवच तेच आणि आमच्या शॉवरवरचा थरही तेच. लिंबातलं सायट्रिक आम्ल त्यातून पुन्हा वायू सुटा करतं आणि कॅल्शियमला आपल्याशी बांधून घेतं. धातूचा अणू असा चिमटीत धरणाऱ्या रेणूंच्या पकडीला रसायनशास्त्रात जो शब्द आहे, तो खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक नावावरून आलेला आहे. शर्टावरचा गंजाचा डाग लिंबू-मिठानं निघतो तोही याच नांगीमुळे. फक्त तिथे तिच्यात कॅल्शियमऐवजी लोह सापडतं.

'लिंबाचे 25 उपयोग' अशी यादी सगळ्यांच्याच फोनवर येऊन गेलेली असते. तिच्यातलं बरंचसं खरंही असतं. नसतो तो हिशेब. कागदी लिंबाचा रस साधारण पंधरा ते वीस मिलिलिटर, त्यात सायट्रिक आम्ल शेकडा सहाच्या आसपास, म्हणजे एका लिंबात सुमारे एक ग्रॅम आम्ल. शाळेतलं समीकरण मांडलं तर एक ग्रॅम सायट्रिक आम्ल पाऊण ग्रॅमच्या किंचित वर चुना विरघळवतं. म्हणजे एका लिंबाची ताकद पाऊण ग्रॅम. हा आकडा मी स्वयंपाकघरात खडूनं लिहून ठेवला आहे.

शॉवरच्या जाळीला तो पुरतो, नळाच्या तोंडालाही पुरतो. आता कूलरकडे या. मे महिन्यात दिल्लीच्या लूमध्ये डेझर्ट कूलर दिवसाला चाळीसेक लिटर पाणी सहज पितो. पाणी हवेत जातं, क्षार गवताच्या जाळीवर राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची योग्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. मधला 400 धरला आणि तो सगळा चुनाच मानला, तर एका दिवसाचे 16 ग्रॅम झाले. त्याला लिंबं 21. गणपतीच्या मोदकांइतकी, आणि तीही रोज! एप्रिल 2022 मध्ये दिल्लीत लिंबू किलोला तीनशेच्या पुढे गेलं होतं. त्या भावात कूलर धुण्यापेक्षा नवी जाळी स्वस्त.

थंडीत बादलीत सोडायच्या इमर्शन रॉडचीही तीच कथा. रॉड आधी प्लगमधून काढायचा आणि लिंबाच्या पाण्यात तो तापवून साफ करायच्या फंदात पडायचं नाही. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतं, त्यामुळे उकळत बसलात तर जुना थर निघून त्या जागी नवा पांढरा गाळ बसतो. कोमट पाणी आणि रात्रभराचा धीर, एवढं बस.

"इतकी लिंबं कशाला? टाटरी ले जाइए," असं आमचा किराणावाला म्हणाला. टाटरी म्हणजे इकडे सायट्रिक आम्लाचे खडे, आपल्याकडचं लिंबूफूल. दहा ग्रॅम टाटरी म्हणजे दहा लिंबं. गंमत अशी, की त्यात लिंबू अजिबात नसतं. स्वीडनच्या कार्ल शीलेनं 1784 मध्ये लिंबाच्या रसातून हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं ते रसात चुना घालूनच. माझ्या बाथरूममधली क्रिया त्यानं मुद्दाम घडवून आणली, तळाशी बसलेलं कॅल्शियम सायट्रेट गाळून घेतलं आणि गंधकाम्लानं त्यातून आम्ल सोडवलं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं इटलीच्या लिंबांवरच हा धंदा चालला. 1917 मध्ये जेम्स करी या अमेरिकी शास्त्रज्ञानं दाखवलं, की साखरेच्या पाण्यावर वाढणारी ॲस्परजिलस नायजर ही बुरशी ढीगभर सायट्रिक आम्ल करते. कांद्याची वरची साल काढताना बोटांना जी काळी भुकटी लागते ना, ती हीच बुरशी. आझादपूर मंडीत कांद्याच्या गोणीवर आणि बरणीतल्या टाटरीमागे एकच कारागीर!

तांब्या-पितळेला लिंबू-मीठ लावणं आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त पितळेवर लिंबू फार वेळ ठेवू नये. आम्ल आधी जस्त ओढून नेतं आणि समई जागोजागी गुलाबी दिसायला लागते, कारण वर उरतं ते तांबं.

ओट्याचा खरा शत्रू म्हणजे लिंबू. इकडच्या फ्लॅटमध्ये मकराण्याच्या संगमरवराची हौस दांडगी. त्यावर शिकंजी, म्हणजे इकडचं लिंबू सरबत, सांडली आणि दहा मिनिटं राहिली की तिथली चकाकी गेलीच. तो डाग नसतोच, दगडच झिजलेला असतो, त्यामुळे घासून काही होत नाही. कोटा आणि कडप्पाही चुनखडीच्याच जातीचे. साताऱ्याच्या घरी कडप्प्याच्या ओट्यावर लोणच्याची बरणी जिथे असायची तिथे एक फिकट गोल होता. आई वर्षानुवर्षं तो खोबरेल चोळून काळा करत आली.

लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र करायचा सल्लाही फार फिरतो. फेस मात्र छान येतो. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं क्षाराचं पाणी. ब्लीचमध्ये मात्र लिंबू किंवा टाटरी चुकूनही घालू नये. क्लोरीन वायू सुटतो आणि दिल्लीतल्या बंद बाथरूमला तो पुरेसा असतो.

मला स्वतःला रसापेक्षा साल जास्त आवडते. सालीतल्या बारीक पिशव्यांत लिमोनिन नावाचं तेल असतं. पेटत्या मेणबत्तीसमोर साल दुमडून दाबा, ठिणग्या उडतात. फुगवलेल्या फुग्यावर तोच फवारा मारा, फुगा फुटतो, कारण लिमोनिन रबर विरघळवतं. बरणीवरच्या लेबलाचा चिकटा ते याच गुणानं काढतं, आणि तिथे रस काहीच कामाचा नाही.

सोसायटीतल्या बायकांचा एक गट सालींचं बायो-एन्झाइम करतो. तीन भाग साली, एक भाग गूळ, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवायचं. मीही केलं, झाकण उघडून रोजचा वायू सोडायला दोन दिवस विसरले आणि बाटली फुटून बाल्कनी गुळाची झाली. फरशी पुसायला ते बरं आहे. पण नदी-तलाव शुद्ध करायला तेच ओतायचं, हे काही पटत नाही. आंबवलेला गूळ पाण्यात गेला की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. यमुनेत तो मुळातच कुठे फार आहे?

बाल्कनीत कुंडीतलं लिंबाचं झाडही आहे. त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहायला लागल्या. लोह कमी पडल्याची ही खूण. माती अल्कधर्मी, त्यात रोज जड पाणी, आणि अशा मातीतलं लोह मुळांना मिळत नाही. फळात एवढं आम्ल साठवणाऱ्या झाडाला मुळांवाटे मात्र ते फारसं सोडता येत नाही. हरभऱ्याला येतं. तो मुळांवाटे मातीत सायट्रिक आम्ल सोडतो आणि तिथे अडकलेला फॉस्फरस मोकळा करून घेतो. पानांवरची त्याची आंब वेगळ्या आम्लांची. शेतकरी पहाटे पिकावर फडकं फिरवून ते पिळतात, ती ही आंब.

म्हणून मी आठवडाभर कुंडीत लिंबू पिळलं. मग भिंतीवरचा पाऊण ग्रॅम आठवला. कुंडीत दहा किलो माती, त्यात समजा शेकडा दोन चुना, म्हणजे दोनशे ग्रॅम. लिंबं अडीचशेच्या वर! शिवाय मातीतले जिवाणू सायट्रिक आम्ल थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात.

त्याऐवजी एसीच्या पाइपखाली बादली ठेवली. ते पाणी हवेतल्या वाफेचं, त्यात चुना नाहीच. जुलैच्या दमट दिवसांत बादली भरून वाहते. कुंडीतला जुना चुना त्यानं जात नाही, पण नवा पडायचा थांबला. निम्मी माती बदलून शेणखत घातलं. ऑगस्टमध्ये आलेली पानं हिरवीगार होती.

आईला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, "लिंबं किती लागली?"

"लिंबं नाहीत गं, अळ्या लागल्यात. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात."

"मग ती लिंबाळी फुलपाखराची पिल्लं," ती म्हणाली. "राहू देत. लिंबं मंडईतनं आण."