काउंट आल्यानंतर

रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात रोज सकाळी एकच प्रश्न फिरतो, "आज काउंट किती?" गावाहून आलेल्या आईलाही आठवड्याभरात 'न्यूट्रोफिल' हा संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींसाठीचा शब्द तोंडपाठ होतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर न्यूट्रोफिलांचा आकडा सलग तीन दिवस ५००च्या वर राहिला, की मज्जा रुजली असं डॉक्टर सांगतात आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. गेल्या पासष्ट-सत्तर वर्षांचा मागोवा घेतला तर वैद्यकाचीही वाट अशीच दिसते. आधी सगळी धडपड काउंट यावेत म्हणून होती. काउंट आले तरी माणूस आतून अजून उघडाच असतो, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आलं.

१९५७ साली अमेरिकेतल्या कूपर्सटाउन या छोट्या गावच्या रुग्णालयातून ई. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. किरणोत्सार किंवा केमोथेरपीनंतर त्यांना दुसऱ्याची अस्थिमज्जा शिरेतून दिली होती. सहापैकी एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. दोनच वर्षांनी थॉमस यांनी ल्युकेमिया झालेल्या दोन रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. ती रुजली, काउंट आले, पण काही महिन्यांत ल्युकेमियाही परत आला. जुळ्याची मज्जा शरीराने आपली मानली आणि त्या मज्जेने कर्करोगालाही आपलंच मानलं. या अपयशातला धडा कळायला पुढची वीस वर्षं गेली.

मधल्या काळात दात्याची जुळणी समजू लागली. फ्रान्सचे ज्याँ दोसे यांनी १९५८मध्ये पांढऱ्या पेशींवरच्या ओळखखुणा शोधल्या होत्या. त्यातूनच आज प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी असलेली 'एचएलए' चाचणी आली. १९६८मध्ये मिनियापोलिसला रॉबर्ट गुड यांच्या चमूने जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या एका बाळाला बहिणीची मज्जा दिली आणि ते बाळ वाचलं. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याच्या अंगात रुजू शकते, हे तेव्हा दिसलं. थॉमस तोवर सिएटलला गेले होते. १९७७मध्ये त्यांच्या चमूने बाकी सगळे उपाय थकलेल्या शंभर ल्युकेमिया रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांपैकी तेरा जण रोगमुक्त जगत होते. शंभरात तेरा हा आकडा आज लहान वाटतो, पण तोवर या रुग्णांसाठी आशेला जागाच नव्हती.

त्याच सिएटलमध्ये शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३मध्ये मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ. बालपणीच्या पोलिओमुळे स्वतः डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चीवर होते. १९९०मध्ये थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा ही विद्या परळमध्ये रुजून सात वर्षं झाली होती.

जुळ्यांच्या कोड्याचं उत्तर १९७९मध्ये सिएटललाच मिळालं. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. डॉक्टरांना त्याचीच सर्वांत जास्त धास्ती. पण ज्यांना हा त्रास झाला, त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे नवी प्रतिकारशक्ती कर्करोगालाही परका ठरवून मारत होती. तोवर औषध केमोथेरपी आणि मज्जा केवळ झालेली हानी भरून काढणारी, असा समज होता. आता मज्जेसोबत येणारी प्रतिकारशक्ती हेच अर्धं औषध ठरलं. तिला फार दाबलं तर कर्करोग परतण्याची भीती आणि मोकळं सोडलं तर जीव्हीएचडीची. प्रत्यारोपणाचे डॉक्टर आजही हीच कसरत करत असतात.

ही प्रतिकारशक्ती परत येते तरी कशी? एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. न्यूट्रोफिल दोन ते चार आठवड्यांत येतात. पाठोपाठ विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या एनके पेशी येतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सर्वांत शेवटी येतात टी पेशी, त्यातही सीडी४ प्रकारच्या. टी पेशींची शाळा म्हणजे छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी. ही शाळा बालपणी भरलेली असते आणि वयाबरोबर ओस पडत जाते. म्हणून दहा वर्षांचं मूल लवकर सावरतं, तर पन्नाशीतल्या माणसाला दोन वर्षंही अपुरी पडतात. रिपोर्टवरचा पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा यातलं काहीच सांगत नाही.

संसर्गांनी हा धडा आपल्या पद्धतीने शिकवला. पहिल्या महिन्यात जिवाणू आणि बुरशी, नंतर सीएमव्हीसारखे अंगातच दडून असलेले विषाणू, त्यानंतर नागीण आणि न्यूमोकोकसचा न्यूमोनिया. प्रत्येक धोक्याची वेळ जणू ठरलेली. औषधंही त्याच क्रमाने येत गेली. ल्युकेमियाच्या मुलांना को-ट्रायमॉक्साझोल नेमाने दिलं तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळता येतो, हे १९७७मध्ये मेम्फिसच्या डॉक्टरांनी दाखवलं. साध्या, स्वस्त गोळ्या, पण आजही त्या बहुतेक रुग्णांच्या डब्यात असतात. नागिणीसाठी असायक्लोव्हिर आलं, सीएमव्हीसाठी गॅनसायक्लोव्हिर आणि २०१७मध्ये लेटरमोव्हिर. १९९१पासून मिळू लागलेल्या जीसीएसएफच्या इंजेक्शनांनी न्यूट्रोफिल लवकर येऊ लागले. टी पेशींना मात्र असं घाई करणारं इंजेक्शन अजून नाही.

प्रत्यारोपणात आणखी एक गोष्ट जाते, तिची आठवण घरच्यांना नसते. लहानपणच्या लसींनी कमावलेली स्मृती ओसरते. प्रत्यारोपणाच्या दिवसाला 'डे झिरो' म्हणतात, ते म्हणूनच अक्षरशः खरं आहे. साधारण सहा महिन्यांनंतर न्यूमोकोकस, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी अशा लसी तान्ह्या बाळासारख्या पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात. गोवर-गालगुंड-रुबेलाची जिवंत लस दोन वर्षांनंतरच, तीही जीव्हीएचडी नसेल आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद असतील तर. कोविडच्या साथीत ही गोष्ट प्रत्यारोपणाच्या खोलीबाहेर आली. लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅब हे बी पेशी मारणारं औषध घेतलेल्या अनेकांमध्ये लसीच्या दोन मात्रांनंतरही प्रतिपिंडं जवळपास तयार झाली नव्हती. दिसायला ही माणसं ठणठणीत होती, कामावर जात होती.

अलीकडचा टप्पा कार-टी पेशींचा. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायचं. २०१२मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीवर हा उपचार यशस्वी झाला. ऑक्टोबर २०२३मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या भारतीय उपचाराला मान्यता मिळाली. या पेशी सीडी१९ ही खूण असलेल्या प्रत्येक पेशीला मारतात आणि ही खूण निरोगी बी पेशींवरही असते. त्यामुळे कर्करोग जातो, त्याबरोबर प्रतिपिंडंही घटतात. काही रुग्णांना हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन महिनोन् महिने घ्यावं लागतं.

या सगळ्या वाटचालीत शास्त्राचं लक्ष वॉर्डातल्या पहिल्या महिन्यावरून पुढच्या दोन वर्षांवर सरकलं. आपलं, म्हणजे घरच्यांचं, लक्ष अजून पहिल्या महिन्यातच अडकलेलं आहे. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार पुरे करणारी कुटुंबं गावी परततात, तेव्हा भेटायला अख्खी आळी लोटते. प्रसाद येतो, उघड्यावरचा उसाचा रस येतो, नाक गळणारी पोरं मांडीवर बसतात. "आता बरा झालास ना?" असं विचारत लोक पाठीवर थाप मारतात. त्यात माया असते, पण त्या वेळी त्या अंगात टी पेशी जेमतेम उगवत असतात.

म्हणून अशा घरात चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. रुग्णासोबत राहणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब देण्याआधी रुग्णाच्या डॉक्टरांना विचारावं, कारण त्यातला जिवंत विषाणू बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. लसींची नवी वही करावी आणि तिच्या पहिल्या पानावर 'डे झिरो'ची तारीख लिहावी. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात फोन करावा, काउंट चांगले असले तरीही.