कुंपणातील घाणेरी

आमच्या बेळगावकडे जुन्या घरांच्या कुंपणांत एक झुडूप हमखास दृष्टीस पडते. मध्ये पिवळी व कडेने गुलाबी अशा फुलांचे लहानसे गुच्छ, जवळजवळ बारमाही बहर आणि पाण्याची फारशी अपेक्षा नाही! नाव मात्र त्या रूपास न शोभणारे, घाणेरी. कोणी तिला टणटणी म्हणतात. रोपवाटिकेत तीच ‘लँटाना’ या नावाने कुंडीत मिरवते.

ही मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून ती भारतात आणली गेली. बागेतून ती कुंपणात आली आणि कुंपणातून रानात शिरली. हे काम पक्ष्यांचे. तिची काळी, पिकलेली फळे बुलबुलासारखे पक्षी खातात व बी दूर नेऊन टाकतात. म्हणजे झुडूप आपल्या अंगणात, पण रोपे डोंगरावर! तिच्या दाट जाळीखाली गवत व रानातील मूळच्या झाडांची रोपे गुदमरतात. गुरांनी पाला खाल्ल्यास यकृत बिघडते व उन्हात त्यांची कातडी सोलवटते. कच्ची फळेही विषारी. लहान मुलांस हे अवश्य सांगावे.

ओळखणे सोपे आहे. कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहावी. ती चौकोनी लागते, पुष्कळदा काटेरीही. पाने समोरासमोर, खरखरीत व दातेरी असतात, आणि चुरगळताच उग्र दर्प येतो. फूल उमलते तेव्हा बहुधा पिवळे असते व जुने होता होता रंग पालटते, म्हणून एकाच गुच्छात दोन रंग दिसतात. फुलपाखरे तिच्यावर फार येतात, हे खरे. त्यामुळेच पुष्कळांना ती काढवत नाही.

काढावयाची झाल्यास कोयत्याने छाटून काहीच साधत नाही. खोड व मूळ जेथे जुळतात तेथे सुप्त डोळे असतात; त्यांतून दुप्पट जोमाने धुमारे फुटतात. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातील अनुभवावरून जी रीत मांडली, ती परसातही उपयोगी पडते. कुदळीने बुडाची माती दूर सारून, जमिनीखाली दोन-तीन बोटांवर, म्हणजे त्या सांध्याच्या खाली, मुख्य मूळ तोडावे. मग झुडूप उपटून, मुळे वर करून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा मातीत रुजत नाही. त्याआधी फळे मात्र पोत्यात वेचून घ्यावी. ती खताच्या खड्ड्यात टाकणे म्हणजे पेरणीच होय. हातमोजे घालावयास विसरू नये.

पुढील पावसाळ्यात रोपे उगवतीलच. ती बोटभर असतानाच, ओल्या मातीतून अलगद उपटावी. हे एक-दोन वर्षे तरी करावे लागते. रिकाम्या जागी कोरांटी किंवा अडुळसा लावावा. अडुळशालाही शेळ्या तोंड लावीत नाहीत.