बॅटरी नवी, तरी गाडी सुरू होईना? आधी चार्जिंग तपासा

फोन चार्ज होत नसेल तर आपण लगेच नवी बॅटरी टाकतो का? नाही ना. आधी केबल हलवून बघतो, चार्जर बदलून बघतो. मग जुन्या गाडीचा सेल्फ लागला नाही की थेट बॅटरीच्या दुकानात का जातो? आमच्याकडे हेच झालं. बाबांच्या पंधरा वर्षं जुन्या गाडीत नवी बॅटरी टाकली आणि तीन आठवड्यांत तीही उतरली.

गाडीचा चार्जर म्हणजे अल्टरनेटर. गॅरेजवाले त्याला अजूनही डायनॅमोच म्हणतात. इंजिन बेल्टने त्याला फिरवतं आणि वीज तयार होते. बॅटरीचं मोठं काम सेल्फ मारण्यापुरतं. पुढे हेडलाइट, ब्लोअर सगळं अल्टरनेटरवर. तो बंद पडला तर गाडी बॅटरीवर थोडा वेळ धावते आणि मग थांबते. रात्री घाटात हे झालं तर काय, विचार करा.

तपासायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता इंजिन सुरू करा. १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक. आकडा १२.५ च्या आसपास राहून उतरत असेल तर चार्ज पोचत नाहीये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरीचं पाणी उकळून आटेल. (अगदी नव्या गाड्यांत कॉम्प्युटर व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथे हे आकडे लावू नका.)

पण चार्ज पोचत नाही म्हणजे अल्टरनेटरच खराब, असं नाही! बेल्ट सैल आहे का बघा. सुरू करताना चिरचिर आवाज येतो. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का? इंजिन सुरू होताच तो विझला पाहिजे. आधी लागलाच नाही, तर बल्ब किंवा त्याची वायर गेलेली असू शकते, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या वायरशिवाय अल्टरनेटर नीट जागाच होत नाही.

आमचा घोळ वेगळाच निघाला. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, तरी बॅटरीवर १२.८. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर मात्र १४.२! मग मीटरची एक वायर त्या बोल्टला, दुसरी बॅटरीच्या प्लसला लावली. तिथे ०.२-०.३ पेक्षा जास्त दिसायला नको, आमच्याकडे १.३ दिसलं. म्हणजे चार्जर ठणठणीत, केबल खराब. जोडावर हिरवट गंज चढला होता. बॅटरीची मायनस वायर आधी काढली (तो बोल्ट कायम लाइव्ह असतो), पॉलिश पेपरने जोड घासला, घट्ट आवळला. बॅटरीवर १४.१!

मीटर लावताना ओढणी, बाह्या, वायर बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा कधीही अचानक फिरतो. आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर 'चेक' करायची जुनी ट्रिक कोणी सांगितली तर ऐकू नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड किंवा ईसीएम उडू शकतो.