बी.एस्सी. झाल्यावर अभियंता होता येते काय?

१९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यात मागणी होती. (माझ्यासारख्या इतिहासाच्या एम.ए.ला हे वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते.) आज महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतील आपली मुलेमुली बी.एस्सी. होतात, औद्योगिक वसाहतीत केमिस्ट म्हणून लागतात आणि सुट्टीत शाळेत आली की विचारतात, “सर, आता इंजिनिअर होता येईल का?”

येईल, पण आधी एक गैरसमज दूर करू. वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांच्या नोंदणीचा तसा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे कारखान्यात ‘इंजिनिअर’ हे पदनाम मिळणे वेगळे आणि इमारतीच्या आराखड्यावर सही करण्याचा अधिकार वेगळा. त्या सहीसाठी स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, आणि तेथे स्थापत्य अभियांत्रिकीची पात्रता पाहतात. संरचना अभियंत्याला अनुभवही दाखवावा लागतो. नुसती बी.एस्सी. तेथे चालत नाही. ही अट कोणाला जाचक वाटत असेल, तर त्याने २४ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ आठवावी. काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली.

बी.एस्सी.वाल्यांसाठी खरा मार्ग थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशाचा. पदवीला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के गुण पुरतात. पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी आरेखन आणि यामिकी हे विषय दुसऱ्या वर्षासोबत सोडवावे लागतात. पदविकाधारकांना जागा दिल्यानंतरच आपला क्रमांक लागतो, हेही खरे. पण लोणेऱ्याचे, १९८९ साली स्थापन झालेले, बाबासाहेबांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ महामार्गावर आपल्या उंबरठ्याशी आहे. चौकशीला मुंबई गाठण्याची गरज नाही. पूर्वी नोकरी सांभाळून ए.एम.आय.ई. करीत. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदविलेल्यांना मात्र पदवीशी समकक्षतेची ती जुनी मान्यता नाही. कोणी तसे सांगून पैसे मागितले, तर देऊ नका.

सर्वांत मोठी मेख निराळीच आहे: बारावीला गणित असले पाहिजे. ‘गणित जड जाते, जीवशास्त्र घे’ असे सांगून आपण, शिक्षक आणि पालक दोघेही, अकरावीतच मुलींसाठी हे दार लावून घेतो. पाच वर्षांनी ती हुशार मुलगी रसायनशास्त्राची पदवी घेऊन दारात उभी राहते, तेव्हा आपल्याजवळ उत्तर नसते.

अशांनाही एक वाट आहे. भौतिक किंवा रसायनशास्त्राची पदवी, कारखान्यातील पर्यवेक्षणाचा काही वर्षांचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका, एवढ्यावर सुरक्षा अधिकारी होता येते. महाडच्या रासायनिक कारखान्यांत हे पद शोभेचे नव्हे. त्यासाठी आणखी एक अट आहे, ती म्हणजे त्या भागातील बहुसंख्य कामगारांची भाषा येणे. ती आपल्या मुलांना घरूनच येते.