कर्ता कोण?

गारगोटीच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून, घरातले पहिले पदवीधर व्हायला निघालेले विद्यार्थी माझ्या वर्गात येतात. मीही त्यांच्यातलाच. इंग्रजी कर्मणी प्रयोगाचा धडा उंदीर-मांजराच्या वाक्यांवर उरकण्याचा रिवाज आहे. मी स्वाध्याय नव्याने रचले, वाक्ये महाडची घेतली.

‘वुई वेअर रिफ्यूज्ड वॉटर.’ आम्हाला पाणी नाकारले गेले. वाक्य शुद्ध आहे. पण नाकारले कोणी? महाड नगरपालिकेने तर १९२४ मध्येच चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला होता. अडवणारे गावातले सवर्ण होते. ‘बाय’ आणि त्यापुढचा कर्ता गाळला तरी इंग्रजी वाक्य पुरे दिसते, आणि अन्याय करणारा त्यातून निसटतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो अस्पृश्य ते पाणी प्यायले. हे वाक्य कर्तरीच हवे.

मग कर्मणी प्रयोग टाकाऊ का? नाही. संविधानाच्या १७व्या कलमात अस्पृश्यता कर्मणी प्रयोगातच नष्ट केली आहे. तिथे कर्ता नाही, कारण मनाई सर्वांनाच आहे.

उद्या आपला विद्यार्थी इंग्रजीत तक्रारअर्ज लिहील. कर्ता कुठे ठेवायचा, कुठे गाळायचा, हे त्याचे त्याला ठरवता आले पाहिजे. व्याकरण शिकवायचे ते यासाठी.