संगणक आला, पण काम उरकले का?

कार्यालयात संगणक आला की काम आपोआप वाढेल, अशी मालकांची समजूत असते. संगणक आला की आपली नोकरी गेली, अशी कारकुनांची भीती असते. आम्ही कारकुनी करणारी माणसे. आम्हाला वाटते, खरा प्रश्न या दोहोंच्या मधला आहे.

एका माणसाच्या हातून एका तासात किती काम उरकते, ती उत्पादकता. संगणक जिकडेतिकडे दिसतो, पण उत्पादकतेच्या आकड्यांत त्याचा पत्ता नाही, अशा अर्थाची टीका अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1987 साली केली. असे का व्हावे?

पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञांनी 1990 साली विजेचा दाखला दिला. एडिसनचे वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये 1882 साली सुरू झाले. कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून तेथे विजेची मोठी मोटार बसवली. पण वरचा लांब दांडा, पट्टे आणि यंत्रांची मांडणी तशीच ठेवली. लाभ थोडाच झाला. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार लागली, यंत्रे कामाच्या क्रमाने मांडता आली, तेव्हा कुठे 1920 नंतर उत्पादकता झपाट्याने वाढली. नुसते यंत्र बदलून भागत नाही, कामाची रीत बदलावी लागते.

आपली रेल्वे पाहा. पूर्वी आरक्षणाच्या खिडकीवर ठराविक गाड्यांचीच नोंदवही असे. रांगेत ताटकळून शेवटी ‘पलीकडच्या खिडकीवर जा’ हे ऐकावे लागे! 1985-86 मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि एकाच खिडकीवर वेगवेगळ्या गाड्यांची तिकिटे मिळू लागली. नोंदवहीच गेली, म्हणून लाभ झाला.

उलट कित्येक कार्यालयांत नोंद संगणकावर करायची, तीच रजिस्टरात उतरवायची आणि छापील प्रत साहेबांच्या सहीला धाडायची. काम दुप्पट! प्रशिक्षणाला वरिष्ठ जातात. रोज यंत्र चालवणारा शेजाऱ्याला विचारून शिकतो. काम रखडले की ठपका मात्र त्याच्यावरच.

बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी 1983 साली यांत्रिकीकरणाबाबत व्यवस्थापनाशी करार केला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्ता दारात उभी असताना हाच मार्ग शहाणपणाचा आहे. प्रशिक्षण सर्वांना आणि कामाच्या वेळेत मिळावे, जुने रजिस्टर कधी बंद होणार हे लेखी असावे, एवढे तरी आपण मागितलेच पाहिजे. आणि घरातल्या मुलामुलींनी नुसती बटणे दाबणे शिकून थांबू नये. बटणामागचा हिशेबही समजून घ्यावा. ज्याला कामाची रीत कळते, त्याला यंत्र सहजासहजी हटवू शकत नाही.